बेघरांना रस्ताच आवडतो?

‘निवारा दिला तरी ही माणसं फुटपाथवरच परततात, त्यांना तेच आवडतं’ हे वाक्य वर्षानुवर्षं फिरतंय. ते साफ चूक आहे.

बऱ्याच रात्रनिवाऱ्यांत सकाळी बाहेर पडावं लागतं, नवरा-बायकोची ताटातूट होते. उशाखालची कागदपत्रांची पिशवी चोरीला गेली की ओळखपत्र गेलं, पाठोपाठ कामही. मग कोण थांबेल? संक्रमण निवासात, म्हणजे कायमचं घर मिळेपर्यंतच्या तात्पुरत्या घरात, निदान काही महिने हक्काचं छप्पर आणि काम शोधायला मदत मिळते.

कॅनडात २००९ ते २०१३ दरम्यान पाच शहरांत मानसिक आजार असलेल्या बेघरांना, उपचारांची अट न घालता, एका प्रयोगात थेट घरं दिली. प्रयोगाच्या शेवटच्या सहा महिन्यांत त्यांतले ६२ टक्के पूर्ण वेळ घरात होते. थेट घर न देता नेहमीच्याच सेवा मिळालेल्या बेघरांत हेच प्रमाण ३१ टक्के होतं.