स्पेस मरीनवरची बंदी आणि हाउस रूल्सची पार्श्वभूमी

मल्टिप्लेयर वॉरगेममध्ये आपसात ठरवून नियम लावायची सवय काही कॉम्प्युटरबरोबर आलेली नाही. १८२४ च्या क्रीगश्पील या प्रशियन लष्करी युद्धखेळात पंच असायचाच, आणि १८७६ च्या सुमारास तर जाडजूड नियम बाजूला ठेवून पंचाच्या अनुभवावर निकाल द्यायची पद्धत आली. १९५९ ला आलेला डिप्लोमसी हा बोर्ड गेम पुढे १९६३ पासून पत्राने खेळला जायला लागला, तेव्हा डेडलाईन चुकली तर काय, खेळाडू गायब झाला तर काय, हे मूळ नियमात नव्हतंच, म्हणून प्रत्येक गेममास्टर, म्हणजे खेळ चालवणारा, स्वतःचे हाउस रूल्स छापायचा. मग स्टारक्राफ्ट या कॉम्प्युटर गेमच्या काळात लॉबीच्या, म्हणजे खेळाडू जमतात त्या ऑनलाइन खोलीच्या, नावातच 'नो रश २० मिनिटं' (पहिली वीस मिनिटं हल्ला नाही) लिहिलेलं असायचं, आणि ते पाळणं पूर्णपणे शब्दावर चालायचं. पुढे काही गेममध्ये हाच करार 'ट्रीटी' म्हणून सेटिंगमध्येच आला.

पण आज हाउस रूल्स म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यासमोर येतो हार्ट्स ऑफ आयर्न ४, जून २०१६ चा दुसऱ्या महायुद्धावरचा कॉम्प्युटर गेम. अमुक तारखेआधी युद्ध पुकारायचं नाही, पॅराट्रूपर नाहीत, छोट्या देशांनी मनाला येईल त्या गटात शिरायचं नाही, हे सगळं होस्ट, म्हणजे गेम भरवणारा, आधीच टाकतो आणि त्यावर फारसं कोणी भांडत नाही. भांडण व्हायचं ते स्पेस मरीनवर.

म्हणजे असं की डिव्हिजनमधल्या (बटालियन मिळून बनलेली मोठी तुकडी) पायदळाच्या नऊ बटालियनमध्ये एकच हेवी टँक बटालियन घुसवायची. डिव्हिजनचं चिलखत निव्वळ सरासरीने निघत नाही, सगळ्यात जाड चिलखतवाल्या बटालियनला वेगळं वजन मिळतं, त्यामुळे त्या एका बटालियनच्या जोरावर अख्खं पायदळ चिलखती व्हायचं. आणि समोरच्याचं पिअर्सिंग (चिलखत भेदायची ताकद) चिलखतापेक्षा कमी पडलं की त्याने केलेलं नुकसान थेट निम्मं, मधलं काही नाही. बंदीच्या विरोधातले म्हणायचे की गेमने परवानगी दिलीय, समोरच्याने अँटी-टँक (रणगाडाविरोधी तोफा) लावावा. ऐकायला बरोबर वाटतं, पण अख्ख्या फ्रंटवर प्रत्येक डिव्हिजनमध्ये अँटी-टँक भरायचा तर ते कारखाने बंदुका आणि विमानांतूनच काढावे लागतात, आणि मोठ्या देशाच्या खेळाडूला ते जमतं, छोटा देश घेतलेला माणूस मात्र दोन तास तयारी करून पहिल्याच लढाईत संपतो. मला तरी बंदीमागचं हे कारण पुरेसं वाटतं.

खरी अडचण रेषा कुठे ओढायची याची होती. एक हेवी टँक चालत नाही, मग तीन घातले तर ती टँक डिव्हिजन धरायची का? टँकऐवजी हेवी टँक डिस्ट्रॉयर (टँक फोडायला बनवलेलं चिलखती वाहन) घातला तर? २०२० मध्ये लाईट टँकची रेकॉन (टेहळणी) कंपनी डिव्हिजनच्या सपोर्टमध्ये आली, थोडं चिलखत तिच्यामुळेही मिळायचं, मग काही होस्टनी तीही बंद केली, काहींनी चालू ठेवली, आणि एका ओळीचा नियम बघता बघता परिच्छेदभर झाला. शिवाय खेळ चालू असताना समोरच्याची सगळी टेम्प्लेट्स (कुठल्या डिव्हिजनमध्ये काय आहे ते आराखडे) तपासत बसता येत नाही. शंका आली की नंतर सेव्ह फाईल उघडून, तोच देश घेऊन, टेम्प्लेट्स बघायची, पण तोवर निम्मा नकाशा गेलेला असतो, आणि अशा वेळी गेम मागे न्यायचा की त्या खेळाडूला काढायचं, हे होस्टने आधी सांगितलेलं नसेल तर लॉबी तिथेच फुटते.

नोव्हेंबर २०२१ च्या अपडेटने पिअर्सिंगचा हिशोब बदलला. थोडंसं कमी पडलं तर थोडाच तोटा, अशा पायऱ्या आल्या, खेळाडूने टँक स्वतः घडवायचा टँक डिझाइनरही त्याच वेळी आला. त्या युक्तीची धार बरीच बोथट झाली, तरी जुन्या यादीतून कॉपी होत तो नियम कित्येक लॉबींमध्ये जसाच्या तसा आहे आणि त्यात 'हेवी टँक' हे जुनंच वर्णन आहे. खरं तर आता चिलखत खेळाडू स्वतः डिझाइनरमध्ये ठरवतो, मीडियम टँकवरही भरपूर चढवता येतं, त्यामुळे नियम टँकच्या प्रकारावर न लिहिता पायदळाच्या डिव्हिजनला कमाल किती चिलखत चालेल त्या आकड्यावर लिहायला हवा.