शून्य किमतीचं जंगल

कोस्टा रिकातल्या एका कॉफीच्या मळ्याला लागून जंगलाचे दोन तुकडे शिल्लक होते. संशोधक टेलर रिकेट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथं कॉफीच्या फुलांवर कोणत्या मधमाश्या येतात, किती येतात आणि पुढे फळ किती धरतं, हे मोजलं. जंगलापासून साधारण किलोमीटरभराच्या आतल्या झाडांचं उत्पन्न सुमारे २० टक्क्यांनी जास्त भरलं. रानमाश्यांची घरं जंगलात; तिथून दूर जावं तशी त्यांची ये-जा विरळ होत जाते. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात माश्यांच्या कामाचा हिशेबही मांडला होता : वर्षाला अंदाजे ६० हजार डॉलर.

पुढे कॉफीचे भाव पडले आणि त्या मळ्यात कॉफी काढून अननस लावला गेला. अननसाला परागीभवन लागतच नाही. झालंच तर फळात नको असलेल्या बिया धरतात. जंगल होतं तिथंच होतं. त्याच्या परागीभवनाची किंमत मात्र शून्यावर आली.

'परिसंस्था सेवा', म्हणजे निसर्गाच्या कामातून माणसाला होणारा उपयोग, ही कल्पना कशी डळमळीत आहे हे दाखवायला ही गोष्ट सांगितली जाते. मला मात्र त्या कल्पनेची याहून चांगली ओळख सापडलेली नाही. माशी कुणाची चाकरी करत नाही, ती आपलं पोट भरते. त्या फिरण्याला 'सेवा' म्हणायचं, कारण पलीकडे कॉफी लावून बसलेला माणूस असतो. संशोधक याची साखळी मांडतात : परिसंस्थेची रचना, तिचं कार्य, त्यातून सेवा, सेवेचा लाभ आणि शेवटी त्या लाभाचं मूल्य. पहिल्या कड्या जीवशास्त्राच्या, शेवटच्या बाजाराच्या आणि माणसांच्या आवडीनिवडीच्या. कोस्टा रिकात तुटली ती शेवटच्या टोकाची कडी.

रॉबर्ट कोस्टान्झा यांच्या गटाने १९९७ मध्ये थेट अख्ख्या पृथ्वीचा हिशेब केला. आकडा आला वर्षाला सरासरी ३३ लाख कोटी डॉलर; जगाचं एकूण राष्ट्रीय उत्पन्न तेव्हा १८ लाख कोटींच्या आसपास होतं. आकडा गाजला, टीकाही भरपूर झाली. सगळी हवा आणि सगळं पाणी गेलं तर नुकसान किती, असं विचारण्यात फारसा अर्थ नाही. बिल भरायला उरणार कोण? एवढं जंगल तोडलं तर काय कमी होईल, या प्रश्नाला निदान उत्तर काढता येतं.

यातलं खरं कोडं वेगळंच आहे. संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने झालेल्या सहस्रक परिसंस्था मूल्यांकनाने २००५ मध्ये २४ सेवा तपासल्या. त्यातल्या १५ खालावत होत्या किंवा न पेलणाऱ्या वेगाने वापरल्या जात होत्या. त्याच काळात जगात माणसाचं सरासरी आयुष्य आणि उत्पन्न वाढत होतं. निसर्ग झिजतोय आणि माणूस सुधारतोय, हे कसं? एक उत्तर असं, की अन्नाचं उत्पादन वाढलं आणि सुखाच्या मोजमापात अन्नाचं पारडं जड आहे. दुसरं, काही कामं यंत्रांनी उचलली. तिसरं उत्तर अस्वस्थ करणारं आहे : परिणाम उशिरा दिसतो.

भारतातली गिधाडं १९९०च्या दशकात झपाट्याने नाहीशी झाली. जनावरांना दिलं जाणारं डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक मेलेल्या जनावराच्या मांसातून त्यांच्या पोटात जाऊन मूत्रपिंडं निकामी करतं, हे २००४ मध्ये उघड झालं. २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली. माणसांवर काय ओढवलं, याचा अंदाज अर्थशास्त्रज्ञ इयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन यांनी २०२४ मध्ये मांडला. कुजणारी जनावरं, वाढलेली भटकी कुत्री, दूषित पाणी यांची ती साखळी. २००० ते २००५ या काळात तिच्यामुळे सुमारे ५ लाख जास्तीचे मृत्यू झाले असावेत.

गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडं घालते.