स्नायूंचा श्रमपरिहार, सामन्यानंतरचा

कबड्डी, कुस्ती, रग्बी अशा अंगझटीच्या खेळांनंतर स्नायूंची ताकद व हालचाल पूर्ववत व्हावी म्हणून केले जाणारे उपाय. नाशिकच्या तालमींत व कबड्डी संघांत मालीश, गार पाणी, हलका व्यायाम, आहार आणि झोप ही त्यांची परिचित साधने होत.

लॅक्टिक अम्ल साचून अंग दुखते, ही समजूत मैदानावर अजून ऐकू येते. प्रत्यक्षात हे अम्ल साधारण तासाभरात पूर्वपातळीवर येते, तर ठणका २४ ते ७२ तासांत शिगेला पोचतो. अमेरिकन शरीरक्रियाशास्त्रज्ञ थिओडोर हफ यांनी १९०२ मध्ये या ठणक्याचा संबंध स्नायूंतील सूक्ष्म फाटींशी जोडला. ताणलेल्या अवस्थेत जोर लावणाऱ्या स्नायूला अधिक इजा होते, हे पुढे स्पष्ट झाले. चढाईपटू पकडीतून मध्यरेषेकडे झेपावतो तेव्हा मांडीवर असाच ताण येतो. शिवाय प्रतिस्पर्ध्याचा गुडघा लागून बसणारा मुका मार असतो. ही इजा निराळी, आणि उपाय निवडताना हाच भेद प्रथम पाहावा लागतो.

मर्दन वैद्यकातून तालमीत आले की तालमीतून वैद्यकात, हा प्रश्न वादाचा आहे. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात (अध्याय २४) व्यायामानंतर सर्वांग सुखावेल असे मर्दन करण्यास सांगितले आहे. या संहितेवर वेळोवेळी संस्कार झाल्याने तिचा काळ काही शतकांच्या अंतराने सांगितला जातो. मल्लांच्या आहार-व्यायामाचे तपशीलवार वर्णन करणारा चालुक्य राजा सोमेश्वराचा मानसोल्लास हा ग्रंथ (सु. ११३०) त्यानंतरचा. त्यामुळे वैद्यकीय उगमाचे मत अधिक ग्राह्य वाटते. तथापि ग्रंथ जुना म्हणून आचारही त्यातूनच निघाला, असे ठरत नाही. मल्लखांबाचे प्रवर्तक मानले जाणाऱ्या पेशवाईतील बाळंभटदादा देवधरांना सप्तशृंगगडावर मल्लविद्येचा साक्षात्कार झाल्याची आख्यायिका नाशिक परिसराचे या विद्येशी असलेले नाते दाखवते. मालिशीच्या इतिहासासाठी तिचा आधार घेता येत नाही.

२०१८ मध्ये ९९ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात ठणका व थकवा कमी करण्यात मालीश सर्वांत परिणामकारक ठरली; ताणाच्या व्यायामांचा लाभ दिसला नाही. मात्र असे अभ्यास मुख्यतः व्यायामजन्य ठणक्याचे असतात. मुका मार बसलेल्या मांडीला ते निष्कर्ष लागू करणे धोक्याचे आहे. पहिले दोन-तीन दिवस तिथे रगडल्यास रक्तस्राव वाढतो आणि क्वचित स्नायूत हाडासारखी गाठ धरते. वस्तादाचा हात कितीही सरावाचा असला तरी सुजलेला, काळानिळा भाग वगळूनच मालीश व्हावी. तिथे हलका दाब, बर्फ व विश्रांती योग्य.

गार पाण्यात बसण्यासाठी साधारण १० ते १५ अंश सेल्सिअसचे पाणी व १० ते १५ मिनिटे सुचविली जातात. निफाडकडच्या कडाक्याच्या थंडीत हौदाचे पाणी या तापमानाच्या जवळ जाऊ शकते. एप्रिल-मेमध्ये बर्फाशिवाय ते शक्य नाही, आणि नुसत्या गार वाटणाऱ्या पाण्याला पुढील निष्कर्ष लावू नयेत. ठणका उतरतो, एवढे बऱ्यापैकी सिद्ध आहे. परंतु २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील १२ आठवड्यांच्या प्रयोगात वजनाच्या प्रत्येक व्यायामानंतर गार पाण्यात बसणाऱ्यांचे स्नायू कमी वाढले. म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा सामना असेल तर हा उपाय रास्त. ताकद कमावण्याच्या हंगामात रोज नको.

घट्ट पट्ट्या व कपड्यांनी थोडा आराम मिळतो. वेदनाशामक गोळ्या सरसकट घेऊ नयेत. सामन्यानंतर पाणी, २० ते ४० ग्रॅम प्रथिने व पुरेशी कर्बोदके लागतात. नाशिक जिल्ह्यात सहज मिळणाऱ्या बेदाण्यांत वजनाच्या सुमारे पाऊण भाग कर्बोदके असतात. दूध-बेदाणे हा त्यामुळे स्वस्त व सोयीचा आहार होय. सामन्यानंतर लघवी चहासारखी गडद झाल्यास स्नायूंची गंभीर झीज संभवते. अशा वेळी घरगुती उपाय थांबवून तातडीने रुग्णालय गाठावे.