शेती अनुदान (कोल्हापूर जिल्हा)

शेती अनुदान, कोल्हापूर जिल्ह्यातील : पिकाचे नुकसान, पीककर्जाची नियमित फेड किंवा निव्वळ जमीनधारणा यांच्या आधारे शासन खातेदाराच्या बँक खात्यावर जमा करते ती, परत न करावयाची रक्कम. केंद्राच्या पीएम किसान योजनेचे ‘दोन हजार’, पुराची ‘भरपाई’ आणि कर्जफेडीचे ‘पन्नास हजार’ हे सगळे गावात ‘अनुदान’च म्हटले जाते. उसाची एफआरपी, म्हणजे केंद्राने ठरवलेला किमान दर, यात येत नाही. ती कारखान्याने द्यावयाची किंमत आहे.

या प्रथेचे मूळ बहुधा तगाईत, म्हणजे सरकारकडून रयतेला शेतीसाठी मिळणाऱ्या उचलीत, शोधले जाते. ‘तगाई’ हा शब्द बळ देणे या अर्थाच्या अरबी शब्दावरून आला असावा. मराठी ‘तगणे’शी त्याचे नाते जोडण्याचा मोह होतो, पण ते ध्वनिसाम्यच दिसते. कोकणातील मामले प्रभावळीच्या सुभेदारास 1676 मध्ये गेलेल्या शिवकालीन पत्रात रयतेला बैल व दाणे द्यावेत, वाढीदिडी (व्याज) न करता मुद्दलच हळूहळू, त्याला तवानगी (ताकद) आल्यावर घ्यावे, असे बजावले आहे. कोल्हापूर संस्थानात 1896-97 च्या दुष्काळात शाहू महाराजांनी तगाई दिली. तरीही तगाई हे कर्ज होते, ही गोष्ट नजरेआड करता येत नाही. आजच्या अनुदानाचा हिशेब क्षेत्र आणि नुकसानीची टक्केवारी यांवर चालतो, तोही तलाठ्याच्या दप्तरातून. त्यामुळे त्याचे जवळचे नाते सारामाफी व तहकुबीशी (शेतसारा माफ करणे वा त्याची वसुली पुढे ढकलणे) मानणे अधिक सयुक्तिक वाटते. पीकनुकसानीच्या मदतीच्या ‘निविष्ठा अनुदान’ या नावात तेवढी तगाईची आठवण उरली आहे, कारण निविष्ठा म्हणजे बी-बियाणे, खते.

पुराच्या भरपाईसाठी 2015 पासून किमान 33 टक्के नुकसान ही अट आहे. केंद्राच्या 2022 च्या निकषांनुसार बागायतीस हेक्टरी 17,000 रुपये मिळतात, तेही दोन हेक्टरांच्या मर्यादेत; राज्याने त्या वर्षी वाढीव दर लावला. 2019 व 2021 च्या महापुरांत शिरोळ, हातकणंगले व करवीर तालुक्यांतील नदीकाठ पाण्याखाली गेला. येथे पंचनाम्याची खरी अडचण उसाची आहे. पाणी ओसरल्यावर फड हिरवा दिसतो. पण शेंडा बुडून पोंग्यात (शेंड्याच्या कोवळ्या पानांच्या गाभ्यात) गाळ बसला असेल, तर पानांची सुरळी ओढताच हातात येते, तिला कुजका वास असतो, आणि पुढे कांड्यांना पांगशा (बाजूचे फुटवे) फुटून वजन घटते. रस्त्यावरून पाहून हे कळत नाही, फडात उतरावेच लागते. वीस गुंठ्यांच्या खातेदाराला केंद्राच्या दराने सुमारे 3,400 रुपये येतात. सामाईक सातबारा असल्यास त्यातही भावांची संमती लागते. खंडाने किंवा वाट्याने कसणाऱ्याचे नाव सातबाऱ्यावर नसते. ज्याचे पीक गेले त्याच्याच हाती काही पडत नाही, हा या व्यवस्थेतील सर्वांत मोठा अन्याय होय.

पीएम किसानमध्ये वर्षाला 6,000 रुपये तीन हप्त्यांत मिळतात. पती, पत्नी व अज्ञान मुले मिळून एक कुटुंब धरतात. राज्याची नमो शेतकरी महासन्मान निधी योजना 2023 पासून तेवढीच भर घालते. नियमित कर्जफेड करणाऱ्यांना 50,000 रुपयांपर्यंत प्रोत्साहन देण्याचा निर्णय 2022 मध्ये झाला. विकास सोसायटीचे (गावच्या सहकारी पतसंस्थेचे) कर्ज ऊसबिलातून परस्पर वळते होण्याची घडी येथे जुनी असल्याने या जिल्ह्यात त्याला विशेष महत्त्व आले. थकबाकीदारांच्या कर्जमाफीत नियमित फेडणारे आपण वगळलो गेलो, ही इथल्या शेतकऱ्याची तक्रार रास्तच होती.

गगनबावडा, शाहूवाडी, आजरा, चंदगड या डोंगरी तालुक्यांत भात व नाचणीची खाचरे लहान आहेत. तेथील नुकसान पुरापेक्षा अतिवृष्टीचे व गव्यांच्या कळपांचे असते. गव्यांची भरपाई वनखात्याकडे मागावी लागते. 2021 पासून पिकाची नोंद खातेदाराने स्वतः ई-पीक पाहणीत मोबाइलवरून करावयाची आहे. रेंज नसलेल्या वाडीवरचा शेतकरी त्यासाठी फोन घेऊन टेकावर चढतो, आणि फोटो मात्र खाली खाचरात उभे राहूनच काढावा लागतो.