बूस्ट, पाणी आणि मिथेनॉल : पार्श्वभूमी

सुपरचार्जर किंवा टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारी यंत्रे; त्या जादा दाबाला बूस्ट म्हणतात) बसवलेल्या इंजिनात पाणी-मिथेनॉलचा फवारा मारावा की नाही, यावर गाड्या ट्यून करणाऱ्यांमध्ये आजही दोन तट आहेत. एका गटाच्या मते हा नॉकिंगवरचा, म्हणजे इंधन अवेळी आपोआप पेटून इंजिनाला बसणाऱ्या दणक्यांवरचा, सर्वांत स्वस्त आणि खात्रीचा उपाय आहे. दुसरा गट म्हणतो, ज्या इंजिनाचा जीव एका वेगळ्या टाकीवर अवलंबून आहे, ते इंजिन रस्त्यावर आणूच नये. दोन्ही बाजू नकळत ज्या गाडीचा निवाडा करत असतात, ती ओल्ड्समोबिल जेटफायर 1962 साली अमेरिकेत विक्रीला आली होती.

त्याआधीचा इतिहास मुख्यतः विमानांचा आहे. हंगेरीत 19व्या शतकाच्या अखेरीस सिलिंडरमध्ये पाणी सोडण्याचे प्रयोग झाले, पण या युक्तीची खरी कसोटी लागली ती दुसऱ्या महायुद्धात. पी-47 थंडरबोल्ट या अमेरिकी लढाऊ विमानाच्या अठरा सिलिंडरच्या आर-2800 इंजिनाची ताकद फवाऱ्यामुळे 2,000 हॉर्सपॉवरवरून 2,300 वर गेली. जर्मनांच्या एमडब्ल्यू 50 मिश्रणात निम्मे मिथेनॉल, जवळजवळ निम्मे पाणी आणि अर्धा टक्का गंजरोधक तेल असे. ते सलग दहा मिनिटांपेक्षा जास्त वापरायची परवानगी नव्हती. युद्धानंतर प्रवासी विमानांनीही हा उपाय उचलला. कानपूरला बांधलेली एचएस 748 म्हणजे आपली ‘ॲव्हरो’, तिची डार्ट इंजिनेही उन्हाळ्यात उड्डाण घेताना पाणी-मिथेनॉलची मदत घेत.

युद्धकाळातली एक गोष्ट मात्र नीट समजून घ्यायला हवी, कारण पुढचा सगळा वाद तिच्यातून निघतो. पाणी स्वतः ताकद देत नाही. एक किलो पाण्याची वाफ व्हायला सुमारे 2,260 किलोज्यूल उष्णता लागते, मिथेनॉलला 1,100 च्या आसपास आणि पेट्रोलला जेमतेम 350. फवारा नसताना भर बूस्टवर इंजिन थंड ठेवायचे तर हवा-पेट्रोलचे मिश्रण मुद्दाम रिच (पेट्रोल जास्त) ठेवावे लागे, म्हणजे महागडे पेट्रोल निव्वळ थंडाव्यासाठी ओतायचे. फवारा सुरू झाला की कार्बोरेटर, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळणारा भाग, हे जादा पेट्रोल कमी करी आणि बूस्ट आणखी चढवता येई. त्यातून धोका असा निर्माण झाला की मिश्रण लीन (पेट्रोल कमी) आणि बूस्ट चढलेला असताना टाकी कोरडी पडली, तर काही क्षणांत पिस्टनला भोक पडू शकते. म्हणून टाकी संपताच मिश्रण आपोआप पुन्हा रिच करणारी व्यवस्था विमानांत होती.

हीच शिकवण घेऊन ओल्ड्समोबिल जेटफायर आली. साडेतीन लिटरचे, संपूर्ण ॲल्युमिनियमचे व्ही-8 इंजिन, त्यावर छोटा टर्बो, बूस्ट 5 पीएसआय आणि ताकद 215 हॉर्सपॉवर. इंजिन 215 घनइंचांचे, म्हणजे घनइंचाला बरोबर एक हॉर्सपॉवर, आणि जाहिरातींनी हे गणित भरपूर वाजवले. वादाचा मुद्दा वेगळाच होता. या इंजिनाचे कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधले मिश्रण किती पट दाबले जाते ते, 10.25 ला एक इतके चढे ठेवले होते, आणि चढ्या कॉम्प्रेशनवर बूस्ट दिला की नॉकिंगचा धोका वाढतो.

त्याच वर्षी, त्याच उद्योगसमूहाच्या, म्हणजे जनरल मोटर्सच्या, दुसऱ्या विभागाने टर्बोची कॉर्व्हेअर बाजारात आणली. तिथे कॉम्प्रेशन 8 वर उतरवले आणि फवाऱ्याची भानगडच ठेवली नाही. टीकाकारांना हे उदाहरण कायम हाताशी असते : तो मार्ग समोर होता, मग जेटफायरच्या अभियंत्यांनी हा हट्ट का केला?

माझ्या मते तो हट्ट नव्हता. कॉम्प्रेशन उतरवले की बूस्ट येण्याआधीचे इंजिन मरगळते, आणि शहरात गाडी बहुतांश वेळ त्याच अवस्थेत चालते. चढ्या कॉम्प्रेशनमुळे जेटफायर टर्बो फिरायला लागण्याआधीही चांगली ओढत असे. बूस्ट चढला की डिस्टिल्ड पाणी, मिथेनॉल आणि गंजरोधक यांचे मिश्रण टर्बोच्याच दाबाने टाकीतून ढकलले जाई आणि कार्बोरेटर व टर्बो यांच्या मधे फवारले जाई. मिथेनॉलमुळे हिवाळ्यात टाकी गोठत नसे. ॲल्युमिनियमला मात्र मिथेनॉल मानवत नाही, म्हणून गंजरोधकाशिवाय चालणार नव्हते. टाकी रिकामी झाल्यास दुसरा एक थ्रॉटल (हवेची झडप) वाट अडवून बूस्टच कमी करी. इंजिन वाचवायची सोय अशी पुरेपूर केलेली होती.

गाडी अडली ती मालकांपाशी आणि शोरूमपाशी. पेट्रोल भरावे, तेल बदलावे, एवढेच ठाऊक असलेल्या गिऱ्हाइकाला आता ‘टर्बो-रॉकेट फ्लुइड’ची, म्हणजे याच मिश्रणाची, बाटली आठवणीने आणायची होती. अनेकांनी ती आणलीच नाही. टाकी कोरडी, बूस्ट बंद, मग तक्रार अशी की टर्बोची म्हणून घेतलेली गाडी पळतच नाही. टर्बोचे सील गळण्याच्या तक्रारी वेगळ्या, आणि दुरुस्त करणाऱ्या मेकॅनिकनेही अशी यंत्रणा पूर्वी पाहिलेली नसे. दोन वर्षांत सुमारे साडेनऊ हजार गाड्या बनल्या. 1965 मध्ये उत्पादकानेच टर्बो आणि फवारा काढून साधा चार-बॅरल कार्बोरेटर फुकट बसवून द्यायला सुरुवात केली. असंख्य मालकांनी ते स्वीकारले, म्हणून मूळ यंत्रणेसह टिकलेल्या गाड्या आज दुर्मीळ आहेत. तंत्र फसले नव्हते. ते समजावून सांगण्याची मेहनत कोणी घेतली नाही, आणि दोष मात्र तंत्राच्या माथी बसला.

पुढच्या काळात दाबलेली हवा थंड करणारे इंटरकूलर आणि नॉकिंग ओळखणारे नॉक सेन्सर आले, मग पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये सोडणारी इंजेक्शन. फवाऱ्याचे काम मालकाला त्रास न देता होऊ लागले. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला फॉर्म्युला वनच्या टर्बो संघांनी पाणी वापरले. अमेरिकेत ब्युइक ग्रँड नॅशनलच्या टर्बो व्ही-6 वर फवाऱ्याचे किट बसवणाऱ्यांची एक पिढीच तयार झाली. आजच्या किटमध्ये उच्च दाबाचा पंप असतो, बूस्टप्रमाणे कमीजास्त होणारा फवारा असतो आणि प्रवाह थांबला की बूस्ट उतरवणारा सेन्सरही असतो. टर्बोच्या गाडीत नोझल (फवाऱ्याची तोटी) इंटरकूलरनंतर लावण्यावर बहुतेकांचे एकमत आहे. टर्बोच्या कॉम्प्रेसरच्या (हवा दाबणाऱ्या चाकाच्या) आधी फवारल्यास थेंबांनी त्याची पाती झिजतात. रूट्स प्रकारच्या (दोन फिरत्या रोटरांनी हवा ढकलणाऱ्या) सुपरचार्जरवर मात्र कित्येकजण मुद्दाम आधीच फवारतात, कारण रोटर तापतात आणि खाली इंटरकूलरला अनेकदा जागा नसते.

कारखान्यातून फवारा घेऊन येणारी गाडी पुन्हा चर्चेत आली ती 2016 मध्ये. बीएमडब्ल्यू एम4 जीटीएसमध्ये डिकीत पाच लिटरची टाकी होती. गाडी बंद केली की नळ्यांतले पाणी टाकीत परत जाई, त्यामुळे गोठण्याची भीती नाही आणि मिथेनॉलचीही गरज नाही. अशा मोजक्याच गाड्या बनल्या. त्याआधी याच कंपनीच्या तीन सिलिंडरच्या प्रायोगिक इंजिनात एसीचे ठिबकणारे पाणी साठवून वापरले होते. दुसरी टाकी भरण्याच्या जुन्या कटकटीवर इतके साधे उत्तर कुणालाच सुचले नव्हते, आणि सर्वसामान्य गाड्यांत ते अजून आलेले नाही याची खंत वाटते.

आपल्याकडे प्रश्न मिथेनॉलचा आहे. जून 2015 मध्ये मालवणीत शंभरावर माणसे दगावली ती विषारी दारूतल्या याच रसायनाने, आणि महाराष्ट्रात त्याच्या विक्री-साठवणुकीवर परवान्याची बंधने आहेत. ती असायलाच हवीत. त्याची ज्योत उजेडात जवळपास दिसत नाही, हाही धोका आहेच. निव्वळ डिस्टिल्ड पाण्यावरही थंडाव्याचा मोठा वाटा मिळतो. फक्त नोझल लहान घ्यावे लागते, नाहीतर ठिणगी विझते, आणि मिथेनॉलमधून मिळणारे जादा इंधन नाही हे धरून मॅप (इंजिनाच्या संगणकातले इंधन-ठिणगीचे कोष्टक) नव्याने बसवावा लागतो.