स्मॉल-ब्लॉक व्ही-८ इंजिनावरील इनटेक मॅनिफोल्डची जोडणी

कार्ब्युरेटरमधून आलेले हवा-पेट्रोलचे मिश्रण प्रत्येक सिलिंडरपर्यंत पोचवणारा ओतीव भाग म्हणजे इनटेक मॅनिफोल्ड. जुन्या इंजिनावरचा कंपनीचा बिडाचा मॅनिफोल्ड उतरवून त्या जागी दुसऱ्या उत्पादकाचा अ‍ॅल्युमिनियमचा बसवणे, हा अमेरिकेतल्या हौशी मोटार-कारागिरांचा जुना छंद आहे. वजन घटते, हवेचा मार्ग सुधारतो आणि चार बॅरलचा (हवेच्या चार वाटांचा) कार्ब्युरेटर चढवता येतो. शेव्हरोलेने १९५५ मध्ये आणलेले २६५ घनइंची (सुमारे ४.३ लिटर) स्मॉल-ब्लॉक, म्हणजे आटोपशीर आकाराचे आठ सिलिंडरांचे इंजिन, आणि त्याची पुढची भावंडे, विशेषतः ३५० घनइंची, यांवर हे काम फार मोठ्या प्रमाणावर होते. एडेलब्रॉकसारख्या कंपन्यांचे नाव याच व्यवसायात झाले.

आपल्याकडच्या जुन्या अ‍ॅम्बॅसेडरमध्ये मॅनिफोल्ड हेडच्या (सिलिंडरांवरच्या झाकणाच्या) एका बाजूला, एकाच सपाट फेसवर (पृष्ठभागावर) बसतो. स्मॉल-ब्लॉकमध्ये तो सिलिंडरांच्या दोन रांगांनी केलेल्या ९० अंशांच्या व्हीमध्ये, दोन हेडांच्या मधोमध उतरतो. लिफ्टरच्या (व्हॉल्व्ह उचलणाऱ्या भागांच्या) पोकळीचे झाकणही तोच, आणि हेडमधले गरम कूलंट थर्मोस्टॅटकडे नेणारी वाटही त्याच्यातूनच जाते. त्यामुळे एकाच जोडात हवा, पाणी आणि तेल तिन्ही अडवावे लागतात. दोन्ही हेडांचे तिरपे फेस आणि ब्लॉकच्या पुढच्या-मागच्या भिंती अशा चार जागा एकाच वेळी जुळाव्या लागतात. गळती सहसा सीलंट (फट बुजवणारा लेप) कमी पडल्यामुळे नव्हे, तर ही भूमिती न तपासल्यामुळे होते.

म्हणून आधी मॅनिफोल्ड कोरडाच बसवून पाहावा. हेड किंवा ब्लॉक पूर्वी मशीनवर घासलेला असेल, तर हेडांमधले अंतर कमी होते, मॅनिफोल्ड वर राहतो, बोल्टची भोके सरकतात. अशा वेळी मॅनिफोल्डचे फेसही त्याच हिशेबाने घासून घ्यावे लागतात. जाड गॅस्केट (जोडातला सीलचा पत्रा) किंवा जास्तीचे सिलिकॉन हा त्यावरचा उपाय नाही. खरेदीपूर्वी हेडचे साल पाहणेही अत्यावश्यक. १९८७ पासूनच्या बिडाच्या हेडांत प्रत्येक बाजूच्या मधल्या दोन बोल्टांचा कोन वेगळा आहे, तर १९९६ पासूनच्या व्होर्टेक नावाच्या हेडांना बाराऐवजी आठच बोल्ट लागतात.

डिस्ट्रिब्युटर (ठिणगीची वीज सिलिंडरांना वाटणारा भाग) मॅनिफोल्डमधूनच खाली जात असल्याने तो काढण्याआधी त्यातल्या फिरत्या रोटरच्या दिशेची खूण करावी. जुने गॅस्केट खरवडताना पोर्टांत (मिश्रणाच्या वाटांत) आणि पोकळीत स्वच्छ फडकी कोंबावीत. ग्राइंडरची खरखरीत चकती इथे वापरू नये. तिची पूड तेलात उतरली तर बेअरिंग खाते.

पाण्याच्या भोकांभोवती सिलिकॉनचा पातळ थर पुरतो. पुढच्या-मागच्या भिंतींवर मात्र संचासोबत येणारे कॉर्कचे वा रबराचे पट्टे टाळलेलेच बरे, कारण बोल्ट आवळताना ते दाबाने बाहेर सरकतात. त्याऐवजी सुमारे ६ मिलिमीटर उंचीची आरटीव्ही (साध्या तापमानाला घट्ट होणाऱ्या) सिलिकॉनची सलग पट्टी ओढून ती चारही कोपऱ्यांत गॅस्केटवर थोडी चढवावी. तेल झिरपते ते बहुधा याच कोपऱ्यांतून. मॅनिफोल्ड सरळ वरून खाली सोडावा. तो जागेवर सरकवला की पट्टी पुसली जाते आणि सगळे पुन्हा साफ करण्यावाचून गत्यंतर नसते. कोपऱ्यांत दोन-चार तात्पुरते स्टड लावले तर वाट चुकत नाही.

जे बोल्ट आत तेलाच्या जागेत उघडतात त्यांच्या आट्यांना सीलंट लावावे. मग मधल्या बोल्टांपासून बाहेर, आलटून-पालटून, दोन-तीन टप्प्यांत आवळावे. बारा बोल्टांच्या एडेलब्रॉक मॅनिफोल्डला शेवटचा टॉर्क (आवळण्याचा जोर) २५ फूट-पाउंड, म्हणजे सुमारे ३४ न्यूटन-मीटर. अ‍ॅल्युमिनियम बिडापेक्षा जास्त प्रसरण पावते, त्यामुळे इंजिन तापून गार झाल्यावर टॉर्क पुन्हा तपासावा.

बाहेरची गळती शोधणे सोपे. आयडलिंग वरखाली होते, सुरसुर ऐकू येते, आणि जोडाजवळ न पेटवलेला प्रोपेन वायू थोडा सोडला की इंजिनाचे फेरे बदलतात. फसवी असते ती आतली गळती. पोर्टच्या खालच्या कडेला फट राहिली तर इंजिन पोकळीतून तेलाची वाफ ओढते, निळा धूर सोडते, आणि दोष पिस्टन रिंगांवर येतो. हेड उघडण्याआधी एक तपासणी करावी: पीसीव्हीची (क्रॅंककेसमधला, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पेटीतला, वायू इनटेककडे नेणारी) नळी आणि क्रॅंककेसच्या इतर सगळ्या वाटा बंद करून, इंजिन आयडलवर चालू ठेवून तेल भरण्याच्या तोंडावर तळहात धरावा. हात आत ओढला गेला, तर गळती मॅनिफोल्डच्या खालच्या बाजूलाच आहे.