द्राक्षाच्या चोथ्यातून मिथेन: एम.एस्सी.च्या प्रकल्पात आकडे कुठे चुकतात

दिंडोरी-विंचूर पट्ट्यातल्या वायनरींतून हंगामात द्राक्षाचा चोथा निघतो: साल, बिया, थोडे देठ. शाश्वत ऊर्जेवर प्रकल्प करणाऱ्या एम.एस्सी.च्या विद्यार्थ्याला नाशिकमध्ये याहून हाताशी असलेला कच्चा माल क्वचितच मिळेल. मात्र चोथा घेताना आधी विचारायचं, लाल वाइनचा की पांढऱ्या? पांढऱ्या वाइनसाठी द्राक्षं आंबवण्याआधीच दाबतात, म्हणून त्या चोथ्यात साखर उरते. लाल वाइन सालीसकट आंबवून मग दाबतात. तिथे साखरेच्या जागी अल्कोहोल. दोन्ही एकत्र केले की पुढचा निष्कर्ष नेमका कशाचा, हे सांगता येत नाही.

नमुना 105 अंश सेल्सिअसला वाळवून एकूण घन पदार्थ काढतात, मग 550 अंशांना जाळून त्यातला जळून जाणारा सेंद्रिय भाग, म्हणजे व्हीएस (व्होलटाइल सॉलिड्स). इथेच लाल चोथा फसवतो. ओव्हनमध्ये अल्कोहोल उडून जातं, व्हीएस कमी भरतो आणि दर ग्रॅममागे मिथेन फुगलेलं दिसतं. अल्कोहोल वेगळं मोजून व्हीएसमध्ये मिळवावं.

चोथ्यापासून मिथेन करणाऱ्या सूक्ष्मजीवांचं विरजण म्हणून चालू गोबरगॅस टाकीतली स्लरी चालते. ती गाळून 37 अंशांना पाच-सहा दिवस नुसती ठेवा, म्हणजे तिचा स्वतःचा गॅस बराचसा निघून जातो. स्लरीचा व्हीएस चोथ्याच्या दुप्पट हवा. समजा स्लरीत लिटरमागे 20 ग्रॅम व्हीएस आहे. मग 300 मिलीत 6 ग्रॅम झाला, चोथ्याचा 3 ग्रॅम पुरे. ओल्या चोथ्यात 32 टक्के व्हीएस असेल तर तो साधारण 9.4 ग्रॅम भरतो. पाणी घालून 400 मिली करा, 500 मिलीच्या बाटलीत भरा, आतली हवा घालवायला नायट्रोजन सोडून बूच घट्ट लावा. प्रत्येक चोथ्याच्या तीन बाटल्या, शिवाय तीन नुसत्या स्लरीच्या (तिचा गॅस वजा करायला) आणि विरजण तपासायला तीन सेल्युलोजच्या. सेल्युलोजचं सैद्धांतिक मिथेन ग्रॅममागे 415 मिली. त्याच्या जवळपासही आकडा गेला नाही तर दोष विरजणात शोधा.

गॅस 3 मोलर सोडियम हायड्रॉक्साइडमधून न्यायचा; कार्बन डायऑक्साइड तिथेच अडकतो. द्रावणात थायमॉल्फ्थॅलिन हा रंगदर्शक टाका, निळा रंग गेला की द्रावण बदला.

पांढऱ्या वाइनच्या चोथ्याच्या बाटल्यांतला गॅस बहुधा पहिल्याच आठवड्यात थांबतो. साखरेचं आम्ल भराभर होतं, मिथेन करणारे सूक्ष्मजीव मागे पडतात, पीएच 6.5 खाली जातो. स्लरीचा व्हीएस चोथ्याच्या दुप्पटऐवजी तिप्पट ठेवा, लिटरला 2-3 ग्रॅम खाण्याचा सोडा घाला. सोड्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइडही सोडियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात शोषला जातो, त्यामुळे मिथेनच्या मोजणीत फारसा फरक पडत नाही.

नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटर उंच आहे, हे हिशेब करताना हमखास विसरलं जातं. इथे हवेचा दाब 94 किलोपास्कलच्या आसपास. 25 अंशांना पाण्यावर मोजलेल्या 100 मिली गॅसमधून वाफेचा दाब वजा करून शून्य अंश आणि 101.3 किलोपास्कलवर आणलं, की उरतात जेमतेम 82 मिली.